गुलाबाच्या जुन्या वाणांचा सांभाळ

गुलाबाची लागवड, छाटणी, खतें आणि बाजारभाव यांविषयीं या मासिकांत वेळोवेळीं लिहिलें जातें, व बागाईतदार वाचक तें आवडीनें वाचतात, असा आमचा अनुभव आहे. परंतु ज्या वाणाचीं फुलें आपण बाजारांत नेतों तो वाण मुळांत येतो कोठून, टिकतो कशाच्या जोरावर, आणि एकदां नाहींसा झाला तर पुन्हां मिळतो कीं नाहीं, ह्या प्रश्नांकडे सहसा कोणी वळत नाहीं. आज त्याच विषयाची थोडी फोड करण्याचें योजिलें आहे. "गुलाब म्हणजे बंगल्यापुढील शोभा, त्याची चिंता शेतकऱ्यानें कां वाहावी?" असें म्हणणारे वाचक असतील, त्यांनीं निदान अर्धा लेख वाचून मग मासिक मिटावें, एवढीच विनंती.

ज्वारी, बाजरी किंवा हरभरा यांचें बीं कणगींत जपून ठेवलें म्हणजे वाण राहिला, ही आपली नेहमींची समजूत. आणि त्या पिकांपुरती ती खरीही आहे. गुलाबाचें तसें नाहीं. गुलाबाचें फूल गळून गेल्यावर लहानसें फळ धरतें व त्यांत बियाही असतात. पण त्या बिया पेरल्या तर आईसारखें झाड येत नाहीं. शंभर बियांपासून शंभर तऱ्हेचीं रोपें निघतात, आणि त्यांतील बहुतेक टाकाऊ असतात. म्हणून एखादें चांगलें रोप हातीं लागलें कीं त्याची काडी लावून, अथवा त्याचा डोळा दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर भरून, त्याच रोपाचीं हजारों रोपें करितात. हापुस आंब्याचें कलम जसें मूळ झाडाचाच तुकडा असतें, तसाच हा प्रकार. ग्लॅडिएटर नांवाचा गडद गुलाबी गुलाब आपल्याकडे उघड्या शेतांत कित्येक वर्षें लावला गेला. त्याचीं नाशिकचीं, पुण्याचीं, सांगलीचीं सर्व झाडें मिळून वस्तुतः एकच झाड आहे. १९५५ सालीं बाजारांत आलेल्या एका रोपाचे ते विखुरलेले तुकडे होत.

ह्याचा परिणाम काय होतो तो पाहावा. जोंवर कोणी तरी डोळे भरीत आहे, तोंवर वाण जिवंत. रोपवाटिकेच्या यादींतून त्याचें नांव गेलें, जुन्या बागेवर नांगर फिरला, शेवटचें झाड वाळवीनें खाल्लें, कीं तो संपला. त्याचें बीं कोणाच्याही कणगींत सांपडावयाचें नाहीं.

दाखला म्हणून एका फुलाची हकीकत सांगतों. 'ग्रुस आन टेप्लित्झ' हें अवघड नांव आपल्या वाचकांपैकीं थोड्यांनींच ऐकलें असेल; परंतु फूल मात्र पुष्कळांनीं पाहिलें असण्याचा संभव आहे. गर्द तांबडें, मध्यम आकाराचें, मान किंचित् खालीं घातलेलें आणि वासाला भरपूर असें हें फूल उत्तर भारतांत सुट्या फुलांसाठीं व गुलकंदासाठीं लावतात. नांवाचा अर्थ 'टेप्लित्झ गांवास नमस्कार' असा आहे. हा वाण १८९७ सालीं बाजारांत आला. तो काढणारा मनुष्य कोणी मोठा रोपवाटिकावाला नव्हता. रुडोल्फ गेश्विंड नांवाचा तो एक वनाधिकारी होता. त्याचा जन्म १८२९ सालचा, बोहेमियांतील. नोकरी त्या काळच्या हंगेरींत, आज स्लोव्हाकियांत मोडणाऱ्या क्रुपिना गांवीं. तिकडे हिवाळ्यांत बर्फ पडतें व नाजूक गुलाब जळून जातात. तेव्हां कडक थंडींत उघड्यावर तग धरील असा वेलगुलाब काढावयाचा, ह्या एका ध्यासानें त्यानें रानटी गुलाबांशीं, त्यांतही उत्तर अमेरिकेंतील सेटिगेरा जातीशीं, बागेंतल्या गुलाबांचे संकर करण्यांत आयुष्य घालविलें. १९१० सालीं तो वारला.

अशा माणसाच्या मागें त्याच्या झाडांचें काय होतें, हें आपणांस ठाऊक आहे. वारसांना त्यांत रस नसतो. परंतु येथें मारी हेन्रिएटा खोतेक नांवाची एक सरदार घराण्यांतील बाई पुढें आली. डोल्ना क्रुपा येथील आपल्या वाड्याभोंवतीं तिनें गुलाबांचा मोठा संग्रह केला होता. युरोपांतील पहिल्या तीन-चार संग्रहांत त्याची गणना होत असे. तिनें गेश्विंडचीं झाडें विकत घेतलीं, आपल्या बागेंत लाविलीं, व त्यांतील जे वाण अद्याप कोणीच पाहिले नव्हते ते बाजारांतही आणिले. इतक्यांत १९१४ चें महायुद्ध लागलें. बाई जखमी शिपायांच्या शुश्रूषेस गेली. बाग ओस पडली, लुटली गेली. युद्धानंतर तिनें पुन्हां उभारणी करून पाहिली, पण पूर्वीचें वैभव आलें नाहीं. १९४६ सालीं ती दारिद्र्यांत मरण पावली. तो संग्रह आज नाहीं.

परंतु गेश्विंडचे गुलाब संपले नाहींत. त्याचें कारण एवढेंच कीं डोल्ना क्रुपाहून त्यांच्या काड्या आधींच दुसरीकडे गेल्या होत्या. तें दुसरें ठिकाण म्हणजे जर्मनींतील सांगरहाउझेन.

हार्झ डोंगराच्या पायथ्याशीं असलेला हा तांब्याच्या खाणींचा गांव. जर्मन गुलाबप्रेमींचें एक मंडळ १८८३ पासून होतें. नवनव्या वाणांचा सुळसुळाट होऊन जुने वाण मागें पडत आहेत, कांहीं तर दिसेनासे झाले आहेत, हें त्रियर येथील पेटर लांबर्ट नांवाच्या रोपवाटिकाकारास खटकलें. आणि मंडळानें स्वतःची एक बाग करून सर्व वाण तेथें ठेवावे अशी कल्पना त्यानें मांडली. सांगरहाउझेनकरांनीं जागा दिली, व १९०३ सालीं बाग लोकांस खुली झाली. 'ग्रुस आन टेप्लित्झ' बाजारांत आणणारा हाच लांबर्ट, हें येथें नमूद केलें पाहिजे. नवीन वाण विकून ज्याचें पोट भरतें त्यानेंच जुन्या वाणांची काळजी वाहावी, ह्याचें आम्हांस कौतुक वाटतें. एवाल्ड ग्नाउ नांवाच्या एका शिक्षकानें आरंभीचीं वर्षें ही बाग वाढविली. पुढें दोन महायुद्धें झालीं. देशाचे दोन तुकडे होऊन हा गांव १९४९ ते १९९० पर्यंत पूर्व जर्मनींत राहिला. पैशाची ओढाताण झाली. पण डोळे भरण्याचें काम बंद पडलें नाहीं. आज तेथें गुलाबाच्या जाति व वाण मिळून आठ हजारांहून अधिक आहेत. एवढा मोठा संग्रह जगांत दुसरा नाहीं. इतर देशांतून नाहींसे झालेले कित्येक वाण ह्या बागेंतील काड्यांवरून पुन्हां लावले गेले आहेत.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आठ हजार कशासाठीं? त्यांतले शेंपन्नास चांगले निवडून बाकीचे टाकून दिले तर काय बिघडेल?

गुलाबाच्या रानटी जाति जगांत दीडशेंच्या आसपास आहेत. त्या सर्व विषुववृत्ताच्या उत्तरेकडील मुलखांत होतात. परंतु आज बाजारांत दिसणारे गुलाब ह्या दीडशेंपैकीं जेमतेम आठ-दहा जातींच्या रक्ताचे आहेत. युरोपांतील जुने गुलाब बहुधा वर्षांतून एकदांच, उन्हाळ्याच्या तोंडीं, फुलत. बारमाही फुलण्याचा गुण चीनमधून आला. १७९० च्या सुमारापासून १८२४ पर्यंत चार चिनी गुलाब इंग्लंडांत पोंचले, आणि पुढील सर्व वंश त्यांच्यापासून वाढला. कलकत्त्याच्या मार्गानें आलेल्या अशा गुलाबांस फ्रेंच लोक 'बंगालचा गुलाब' म्हणत, म्हणजे आपला संबंध अगदींच नाहीं असें नव्हे! हा बारमाहीपणा आला कशानें, त्याचा उलगडा २०१२ सालीं झाला. गुलाबांत फुलण्यास लगाम घालणारें एक जनुक असतें. चिनी गुलाबांत त्या जनुकाच्या मधोमध एक परका तुकडा घुसून बसल्यामुळें लगामच तुटला, आणि झाड प्रत्येक नव्या फुटीच्या शेंड्यावर कळी काढूं लागलें. असा अपघात कोठल्या तरी एका बागेंत झाला, कोणा माळ्याच्या नजरेस आला, व त्यानें ती काडी लाविली. त्याच्या जोरावर आज जगाचा फुलबाजार बारा महिने चालतो.

आणि त्या चार मूळ पुरुषांची गत काय? ह्यूमचा फिकट गुलाबी व पार्क्सचा पिवळा हे दोन अस्सल स्वरूपांत आज कोठेंही खात्रीनें दाखवितां येत नाहींत. त्या नांवांनीं विकलीं जाणारीं झाडें संशयास्पद आहेत. स्लेटरचा तांबडा हाही गेलाच असें समजत होते. पुढें अटलांटिक महासागरांतील बर्म्युडा बेटावर जुन्या घरांच्या आवारांत एक निनांवी तांबडा गुलाब मिळाला, तोच हा असावा असें जाणत्यांचें मत पडलें. तेथील लोकांनीं अशा निनांवी गुलाबांस जेथें सांपडले त्या जागेचीं नांवें देऊन तीं झाडें जतन केलीं आहेत. ही रीत आम्हांस फार शहाणपणाची वाटते. नांव ठाऊक नाहीं म्हणून झाड उपटूं नये, आणि खोटें नांवही चिकटवूं नये.

पिवळ्या रंगाची कथा ह्याहून बोधप्रद आहे. १९०० पर्यंत मोठ्या फुलाचा, बारमाही, गर्द पिवळा गुलाब नव्हता. फ्रान्समध्यें लियाँ येथील पेर्ने-ड्यूशे ह्यानें इराणी पिवळ्या गुलाबाशीं कित्येक वर्षें संकर करून तो रंग आणला, आणि १९०० सालीं 'सोलेय दोर' म्हणजे 'सोनेरी सूर्य' बाजारांत आला. आजचे पिवळे, नारिंगी, जर्द असे बहुतेक सर्व गुलाब त्याचेच वंशज. पण रंगाबरोबर त्या इराणी पूर्वजाचा एक दुर्गुणही घरांत शिरला: पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीपुढें त्या कुळीचा टिकाव लागत नाहीं. पावसाळ्यांत पानें पिवळीं होऊन गळतात, झाड उघडें पडतें, आणि आपण फवाऱ्यामागून फवारा मारीत बसतों, त्याचें एक मूळ येथें आहे. बाजारास रंग हवा होता, रंग मिळाला. फवारणीचें बिल मात्र अजून आपण भरीत आहों.

ह्यावर उपाय कोठून निघतो? जुन्या आणि रानटी गुलाबांतून. काळ्या ठिपक्यांस दाद न देणारें एक जनुक जर्मन संशोधकांनीं मल्टिफ्लोरा ह्या लहान पांढऱ्या फुलांच्या रानगुलाबाच्या वंशांत शोधून काढिलें. हाच गुलाब पुष्कळ ठिकाणीं खुंट म्हणून वापरतात. म्हणजे ज्याला आपण केवळ पायाखालचा दगड समजत होतों त्याच्याच पोटीं औषध निघालें. तें वरच्या फुलांत आणणें मात्र सोपें नाहीं. मल्टिफ्लोराच्या पेशींत रंगसूत्रें १४, आणि बागेंतल्या बहुतेक गुलाबांत २८. दोहोंचा संकर केला तर संततींत २१ येतात, व विषम हिशेबामुळें ती बहुधा वांझ निघते. कॉल्चिसीन नांवाच्या द्रव्यानें १४ चीं २८ करून मग संकर करावा लागतो; त्यानंतर रानटीपणा धुऊन निघेपर्यंत आणखी कित्येक पिढ्या जातात. असें दीर्घ काम हातीं घेणाऱ्यास मूळ झाड हजर पाहिजे. रोग आल्यावर तें शोधावयास निघणें म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणें होय.

आपल्या द्राक्ष बागाईतदारांस हें निराळें सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील द्राक्षवेलींच्या मुळांस फायलॉक्सेरा किडीनें खाऊन बागा उजाड केल्या, तेव्हां अमेरिकेंतील रानटी द्राक्षांच्या खुंटांनीं त्या वांचविल्या. आणि नाशिक-सांगलीकडे खारवट जमीन व पाण्याचा ताण सोसण्यासाठीं आज जो डॉगरिज खुंट लावतात तोही अमेरिकन रानवेलींच्याच वंशांतला आहे.

केवळ झाडांची संख्या मोठी असली म्हणजे विविधता आहे, असें मात्र समजूं नये. अत्तराच्या गुलाबाचें उदाहरण घ्या. बल्गेरियांतील कझानलकचें खोरें, इराण, आपल्याकडील कनोज व पुष्कर, येथें ज्या दमास्क गुलाबापासून अत्तर व गुलाबपाणी काढितात, त्याच्या निरनिराळ्या ठिकाणच्या झाडांची तपासणी करून २००५ सालीं एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बल्गेरियाचीं झाडें घेतलीं काय, इराणचीं व भारताचीं घेतलीं काय, किंवा युरोपांतील जुने बागेंतले दमास्क घेतले काय, तपासलेल्या खुणांपुरतें पाहतां सर्व एकाच सांच्याचीं निघालीं! एक शेर अत्तरास साडेतीन ते चार हजार शेर फुलें लागतात. अशा ह्या मोठ्या धंद्याचा डोलारा जवळ जवळ एकाच झाडावर उभा आहे. संग्रहांत निरनिराळ्या नांवांनीं ठेवलेलीं झाडेंही पुष्कळ ठिकाणीं एकच होतीं. नंतर २००७ सालीं इराणांतील निरनिराळ्या प्रांतांतून ४० झाडें आणून पाहिलीं, तेव्हां त्यांत मात्र ९ वेगवेगळे प्रकार आढळले. मोठ्या उत्पादनाचा जो प्रांत, इस्फहान, तेथें तोच एक प्रकार. विविधता होती ती आडबाजूच्या प्रांतांत. ज्या गांवीं व्यापार थोडा, तेथेंच जुनें बियाणें टिकतें, हा अनुभव आपल्याही पिकांत येतो.

म्हणून संग्रह करणाऱ्याचें पहिलें काम झाडें जमविणें नसून झाड कोणतें हें ओळखणें आहे. गुलाबांच्या नांवांचा घोळ अपार आहे. फ्रान्सिस मेयां ह्या फ्रेंच तरुणानें दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ सालीं, आपल्या एका नव्या रोपाच्या काड्या परदेशीं धाडल्या. पुढें दळणवळण तुटलें. युद्ध संपतें तों तोच वाण फ्रान्समध्यें 'मादाम ए. मेयां', जर्मनींत 'ग्लोरिया देइ', इटलींत 'जोया' आणि अमेरिकेंत 'पीस' अशा चार नांवांनीं नांदत होता. हा तर जगप्रसिद्ध वाण, म्हणून घोटाळा उलगडला. अप्रसिद्ध वाणांची काय कथा! आमच्याच अनुभवाचें सांगतों. एके वर्षीं आम्हीं वीस प्रकारच्या गुलाबांच्या काड्या निरनिराळ्या गांवांहून मोठ्या हौसेनें आणून लाविल्या, आणि पत्र्याच्या पट्ट्यांवर रंगानें नांवें लिहिलीं. पहिल्याच पावसाळ्यांत अक्षरें धुऊन गेलीं. झाडें जगलीं, पण त्यांतील सात कोणतीं हें आम्हांस आजतागायत सांगतां येत नाहीं. वहींत वाफ्याचा नकाशा काढून ठेवला असता तर ही पाळी आली नसती. आतां जनुकांच्या खुणा तपासून दोन झाडें एक कीं दोन हें सांगतां येतें. पण तुलनेस खात्रीचें झाड आणि त्याची लेखी नोंद कोठें तरी असावी लागते, नाहीं तर तपासणी काय सांगणार?

दुसरें काम रोग दूर ठेवण्याचें. डोळ्यावाटे वाणाबरोबर त्याचे विषाणूही जातात. गुलाबाच्या पानांवर पिवळ्या नागमोडी रेषा पाडणारा मोझेक रोग मुख्यतः दूषित डोळा अथवा दूषित खुंट ह्यांतूनच पसरतो. शंभर वर्षें डोळे भरलेल्या जुन्या वाणांत तो पुष्कळदां मुरलेला असतो. उत्तर अमेरिकेंत 'रोझेट' नांवाचा ह्याहून भयंकर रोग आहे. एक सूक्ष्म कोळी तो वाऱ्याबरोबर नेतो. फुटवे झाडूसारखे होतात, कांट्यांचा खच पडतो, व झाड दोन-तीन वर्षांत मरतें. २०११ सालीं त्याचा विषाणू ओळखला गेला. अशा रोगापुढें एकच मोठी बाग म्हणजे एकाच टोपलींत ठेवलेलीं सर्व अंडीं. ह्या कारणानें जर्मनींत आतां अनेक बागांनीं मिळून एक जाळें केलें आहे. कोणता वाण कोणाकडे किती ठिकाणीं आहे ह्याची सामायिक नोंद ठेवितात, व त्याचीं सूत्रें सांगरहाउझेनकडे आहेत. ज्या वाणाचें झाड एकाच ठिकाणीं उरलें आहे त्याचे डोळे प्रथम दुसरीकडे भरावयाचे, हा अशा नोंदीचा मुख्य उपयोग. रानटी जातींचें बीं वाळवून शीतपेटींत ठेवितां येतें, कारण तेथें विशिष्ट झाडापेक्षां जातीचा सर्व गोतावळा टिकणें महत्त्वाचें असतें. वाणांचे शेंडे द्रवरूप नत्रवायूंत, शून्याखालीं १९६ अंशांवर, गोठवून ठेवण्याची विद्याही साधली आहे. पण ती खर्चाची आहे, आणि गोठलेल्या शेंड्यास वास घेऊन पाहतां येत नाहीं. जमिनींत उभें असलेलें झाड पाहणाऱ्यास शिकवितें. तें मोल निराळें.

आपल्या देशांत ह्या कामाचें श्रेय प्रथम डॉ. बेंजामिन पिअरी पाल ह्यांस दिलें पाहिजे. जन्म १९०६, मृत्यु १९८९. गव्हाचा तांबेरा हटविण्यासाठीं त्यांनीं केलेलें काम शेतकऱ्यांच्या परिचयाचें आहे. १९६५ सालीं ते भारतीय कृषि संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. तेच गृहस्थ फावल्या वेळीं गुलाबांचे संकर करीत. त्यांनीं अनेक वाण काढिले, १९६६ सालीं भारतांतील गुलाबावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि आपला खासगी संग्रह दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेस दिला. गव्हांत रोगप्रतिकारक जुने वाण शोधीत हिंडणाऱ्या माणसास गुलाबाचे जुने वाण कां जपावे हें कोणी शिकवावें लागलें नसेल.

दुसरें नांव कोडाईकनाल येथील विरराघवन दांपत्याचें. सनदी नोकरी मुदतीपूर्वीं सोडून विरराघवन तेथें गेले आणि उष्ण हवेचे गुलाब काढण्याच्या मागें लागले. त्यांचा विचार साधा आहे: युरोपांत थंडीसाठीं घडविलेले गुलाब आणून आपण त्यांस उन्हांत रडवितों, त्यापेक्षां आपल्याच रानांतील गुलाब पूर्वज म्हणून कां घेऊं नयेत? बंगालच्या सखल, पाणथळ भागांत होणारा क्लिनोफिला हा एक. पुराच्या पाण्यांत उभा राहूनही तो मरत नाहीं. दुसरा मणिपूरच्या शिरुई डोंगरावरील जायगँटिया. मोठमोठ्या झाडांवर चढणारा, वीतभर नाहीं तरी पंजाएवढीं फिकट फुलें देणारा. सर जॉर्ज वॅट ह्यांनीं तो १८८२ सालीं तेथें पाहिला होता. विरराघवन पति-पत्नी १९९० सालीं तोच डोंगर चढून गेलीं, आणि त्याच्या वंशांतून त्यांनीं पुढें अनेक वाण काढिले. त्यांतील एकाचें नांव त्यांनीं वॅट साहेबांचेंच ठेविलें. निलगिरि व पळणीच्या डोंगरांतील लेशनोल्टियाना हा पांढरा वेलगुलाबही असाच आपला. जंगल तुटत गेल्यानें तो आतां विरळा झाला आहे.

आपल्या प्रांतांतील स्थिति पाहिली तर तळेगांव-मावळांतील हरितगृहांत 'टॉप सीक्रेट', 'ताजमहाल', 'बोर्डो', 'गोल्ड स्ट्राइक' असे मोजके परदेशी वाण आहेत. ते लावूं नयेत असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. लांब दांड्याचें फूल परदेशीं धाडणाऱ्यास ते लागतातच. पण मोगलाईंत ज्या नाशकास गुलशनाबाद म्हणत त्या नाशकाच्या आसपास, तसेंच देवळांच्या, दर्ग्यांच्या व जुन्या वाड्यांच्या आवारांत, जो गांवठी गुलाबी गुलाब एके काळीं सर्रास असे, तो किती ठिकाणीं उरला आहे? त्याचें फूल दुसऱ्या दिवशीं झडतें, म्हणून बाजारांत त्यास मान नाहीं. पण फवाऱ्यावांचून व फारशा खतावांचून तो वर्षानुवर्षें उभा असतो, आणि गुलकंदास तोच लागतो. एका गांवचा गांवठी आणि दुसऱ्या गांवचा गांवठी हे एकच कीं निराळे, हें झाडें जवळजवळ लावून पाहिल्यावांचून कळणार नाहीं. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यानें शेतकऱ्यानें राखलेल्या वाणाची नोंद त्याच्या नांवें करण्याची सोय केली आहे, व गुलाब त्या कायद्याखालीं येतो; पण दाखवावयास झाडच नसेल तर नोंद कशाची करणार?

ज्यांच्या आवारांत असें जुनें झाड असेल त्यांनीं एवढें करावें. ऑक्टोबरच्या मध्यास छाटणी करितांना पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व काड्या निवडाव्या; वीतभर लांबीच्या, चार-पांच डोळ्यांच्या. खालचा काप डोळ्याच्या लगत तिरपा घ्यावा, वरचा सपाट. दोन डोळे मातींत जातील अशा बेतानें, सावलींतल्या वाफ्यांत, वाळू मिसळलेल्या मातींत त्या तिरक्या खोंचाव्या. ओल राखावी पण पाणी तुंबूं देऊं नये. गांवठी गुलाब बहुधा सहा आठवड्यांत मूळ धरतो. काडीनें न लागणाऱ्या वाणाचा डोळा डिसेंबर-जानेवारींत खुंटावर भरावा, व खुंटाची पानें नागमोडी पिवळीं नाहींत हें आधीं पाहावें. तयार रोपांपैकीं दोन स्वतःकडे ठेवून निदान दोन दुसऱ्या गांवच्या नातलगाकडे किंवा शाळेच्या बागेंत द्यावीं. एकाच विहिरीवर अवलंबून असलेल्या दोन बागा ह्या हिशेबीं एकच धराव्या. नांव माहीत असेल तर तें, नसेल तर ज्या वाड्यांतून अथवा देवळांतून आणलें त्याचें नांव, आणि साल, अॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्यानें दाबून कोरावें, रंगानें लिहूं नये. पट्टी तारेनें खोडास बांधितांना वेढा सैल ठेवावा. घट्ट बांधलेली तार दोन वर्षांत सालींत रुतते व फांदी मरते.